आठ वीसची घोषणा: वॉशिंग्टनच्या एका सूर्यास्त टूरचं प्रकरण

सप्टेंबर 2019 चा शेवटचा शनिवार. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. वॉशिंग्टनची स्मारकं दाखवायची तर संध्याकाळीच, हे मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. दिवसा तिथे ऊन फार. नॅशनल मॉल म्हणजे कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनापासून, लिंकन स्मारकापर्यंत जवळजवळ तीन किलोमीटरची मोकळी पट्टी, आणि बाबांचे गुडघे त्या अंतराला तयार नव्हते. म्हणून गाईडसह छोट्या बसची साडेतीन तासांची टूर घेतली. साडेपाचला युनियन स्टेशनहून निघायचं, नऊला परत. माझा नवराही बरोबर होता. बसमध्ये आम्ही बावीस जण होतो.

त्या संध्याकाळी गाईडने एक निर्णय घेतला. त्यामुळे काही जणांना आयुष्यभर लक्षात राहील असं काही मिळालं आणि एका बाईंचं मोठं नुकसान झालं. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाहुण्यांना घेऊन अशा टूरवर जाणाऱ्यांना आणि टूर चालवणाऱ्यांनाही उपयोग होईल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

ठरलेला बेत

माहितीपत्रकावर दहा नावं होती: कॅपिटॉल, व्हाइट हाउस, वॉशिंग्टन मॉन्युमेंट, दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक, जेफरसन, रूझवेल्ट, मार्टिन ल्यूथर किंग, लिंकन, व्हिएतनामची भिंत आणि कोरियन युद्धाचं स्मारक. त्यातलं वॉशिंग्टन मॉन्युमेंट फक्त लांबून. तीन वर्षं बंद असलेला हा मनोरा नऊच दिवसांपूर्वी पुन्हा उघडला होता, त्यामुळे वर जाता येईल का असं बसमध्ये दोघातिघांनी विचारलं. लिफ्ट संध्याकाळी पाचलाच बंद होते, असं गाईडने सांगितलं. बाकी स्मारकं चोवीस तास उघडी असतात आणि त्यांना तिकीट नसतं. आपण जे पैसे देतो ते बसचे आणि गाईडचे, खरं तर त्याच्या क्रम लावण्याच्या अकलेचे.

त्या दिवशी सूर्यास्त सातला चार-पाच मिनिटं कमी असताना होता. त्यानंतर साधारण सत्तावीस मिनिटं दिव्यावाचून वावरता येईल इतका उजेड राहतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा हा वेळ. महाराष्ट्रात तो याहून थोडा कमी, कारण तिकडे सूर्य अधिक उभा उतरतो. म्हणजे तिरप्या उन्हाचा शेवटचा अर्धा तास आणि वरचा हा संधिप्रकाश मिळून जेमतेम एक तास. सूर्यास्त टूर म्हणून जे विकलं जातं ते या एका तासासाठी. बाकीचे अडीच तास दिवसाची टूर आणि रात्रीची टूर.

ठरलेल्या क्रमात हा तास व्हाइट हाउस, महायुद्धाचं स्मारक आणि जेफरसन यांच्या वाट्याला येत होता. लिंकन, भिंत आणि कोरिया शेवटी, आठनंतर, पूर्ण अंधारात. ही ओळ कागदावर वाचताना मला खटकली होती, पण मी बोलले नाही. ही माझी चूक. बस सुटण्याआधी नुसतं विचारलं असतं की सूर्य मावळताना आपण कुठे असू, तर पुढचं बरंच काही साडेपाचलाच बोलून झालं असतं.

कॅपिटॉलपाशी पस्तीस मिनिटं

पहिला थांबा कॅपिटॉलच्या पश्चिमेला, यादवी युद्धातले सेनापती ग्रँट यांच्या पुतळ्याजवळच्या तलावापाशी. सहाला बसमध्ये बसलो आणि पोलिसांनी पुढचा रस्ता बंद केला. कुणाचा तरी ताफा जाणार होता. वॉशिंग्टनमध्ये हे नेहमीचं, पण किती वेळ ते कुणी सांगत नाही. पाच-सात मिनिटं बसच्या खिडकीतून पोलिसांच्या मोटरसायकली बघण्यात गेली. मग गाईडने सगळ्यांना खाली उतरवून पुन्हा तलावाकाठी नेलं.

त्याचं हे मला फार आवडलं. कॅपिटॉलची ही बाजू थेट पश्चिमेला तोंड करून आहे. विषुवदिन होऊन आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे सूर्य मॉलच्या रेषेतच उतरत होता आणि त्याचं ऊन समोरून घुमटावर पडत होतं. पांढरा घुमट आधी मलईसारखा, मग केशरट झाला. गाईडने सांगितलं की हा घुमट दगडाचा नाही, ओतीव लोखंडाचा आहे, वजन चार हजार टनांच्या घरात. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. ते एकदम सरसावून बसले आणि मला म्हणाले, ‘‘विचार त्याला, उन्हाळ्यात लोखंड फुगतं त्याचं काय केलंय?’’ गाईडने कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि घुमट तापमानाप्रमाणे हलतो, तसाच बांधलाय, असं सांगितलं.

मग शिखरावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची गोष्ट त्याने सांगितली. पुतळा वर चढला तो 2 डिसेंबर 1863 ला, यादवी युद्ध चालू असताना. तो ओतणाऱ्या कारखान्यात फिलिप रीड नावाचा गुलाम कामाला होता. प्लास्टरच्या नमुन्याचे भाग सुटे कसे करायचे हे कुणाला उमगेना, तेव्हा त्याने ते करून दाखवलं. 1862 च्या एप्रिलमध्ये राजधानीतली गुलामगिरी रद्द झाली आणि पुतळा शिखरावर गेला तेव्हा तो स्वतंत्र माणूस होता. आईला हे भाषांतर करून सांगितलं. ती मान वर करून पुष्कळ वेळ पुतळ्याकडे बघत राहिली. पुतळ्याच्या पायाखाली एक दिवा आहे, संसदेचं कुठलं तरी सभागृह रात्री भरलेलं असलं तरच लागणारा. त्या दिवशी तो बंद होता.

रस्ता मोकळा झाला तेव्हा सहा पस्तीस झाले होते. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरली होती.

सहा पस्तीसचा निर्णय

गाईडपुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे ठरलेला क्रम तसाच ठेवून प्रत्येक थांब्यातून पाच-पाच मिनिटं कापायची. दहाची दहा नावं झाली म्हणता येतात, तक्रार येत नाही. दुसरी, उशीर तसाच पुढे ढकलून साडेनऊ-पावणेदहाला परतायचं. पण चालकाची वेळ ठरलेली असते आणि बावीस जणांतल्या काहींच्या पुढच्या गाड्या असतात. तिसरी, काही थांबे सरळ सोडायचे आणि उरलेल्यांना पूर्ण वेळ द्यायचा.

त्याने तिसरी वाट धरली आणि क्रमही उलटा केला. चालकाशी दोन वाक्यं बोलला आणि बस कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूने थेट लिंकनकडे निघाली. व्हाइट हाउस उजवीकडे मैदानापलीकडे दिसलं, बस थोडी हळू झाली, तेवढंच. आम्हाला त्याने माइकवरून सांगितलं की सूर्य मावळायच्या आत लिंकनला पोचायचंय. यातून काय काय गळणार आहे, ते मात्र सांगितलं नाही. हा सांगायचा राहिलेला भाग लक्षात ठेवा.

लिंकनपाशी

सहा पन्नासला पोचलो. लिंकन स्मारक पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्ताला त्याची पुढची बाजू सावलीत जाते. मनाशी सोनेरी संगमरवराचं चित्र घेऊन येणाऱ्यांची तिथे निराशा होते. जाणता गाईड तुम्हाला पाठीमागे नेतो. आमच्याने तेच केलं. पायऱ्या चढून, खांबांच्या कडेने वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. समोर पोटोमॅक नदी, तिच्यावरचा 1932 चा आर्लिंग्टनचा पूल, पलीकडे टेकडीवर आर्लिंग्टनची दफनभूमी, आणि त्या टेकडीमागे लालभडक सूर्य. कुणीच बोललं नाही.

बाबा वर आले नव्हते. चौकातून गाभाऱ्यापर्यंत 58 पायऱ्या, खालच्या तलावापासून मोजल्या तर 87. लिफ्ट होती, पण रांग होती. गाईड त्यांना हाताला धरून पायऱ्यांवर पूर्वेकडे तोंड करून बसवून गेला होता. मी खाली आले तेव्हा बाबांनी मला हात करून गप्प बसायची खूण केली. समोर वॉशिंग्टन मॉन्युमेंट उभं होतं, 555 फूट, म्हणजे 169 मीटर. आमच्यावर सावली होती, पण त्याच्या माथ्यावर अजून ऊन होतं. ते ऊन गुलाबी होत वर सरकत गेलं आणि तलावात त्याचं प्रतिबिंबही तसंच सरकत गेलं. शेवटी टोकाशी चिमूटभर उरलं आणि विझलं. मग माथ्यावरचे विमानांसाठीचे लाल दिवे लुकलुकायला लागले.

‘‘खालचा दगड वेगळा आहे,’’ बाबा म्हणाले. ते खरं होतं. पायाचा दगड 1848 मध्ये बसवला आणि 1854 मध्ये पैसे संपून काम थांबलं, तेव्हा मनोरा साधारण दीडशे फुटांवर होता. वीस-पंचवीस वर्षं तो तसाच थोटका राहिला. मध्ये यादवी युद्ध होऊन गेलं. पुन्हा काम सुरू झालं तेव्हा लष्कराच्या अभियंत्यांनी आधी पाया काँक्रीटने रुंद आणि खोल केला, मग वर चढले. संगमरवराची खाण बदलली होती, म्हणून रंग बदलला. 1884 मध्ये टोकावर ॲल्युमिनियमची टोपी बसवली, कारण त्या काळी ॲल्युमिनियम हा दुर्मिळ, मोलाचा धातू होता. पायाची गोष्ट गाईडने नंतर सांगितली तेव्हा बाबांना झालेला आनंद सूर्यास्ताच्या आनंदाहून काकणभर जास्तच होता.

गाभाऱ्यातला बसलेला लिंकन 19 फुटांचा आहे, जॉर्जियाच्या पांढऱ्या संगमरवराच्या 28 ठोकळ्यांचा. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. 1922 मध्ये स्मारक उघडलं तेव्हा फ्रेंच स्वतः नाराज होते. दारातून येणारा दिवसाचा उजेड फरशीवरून उसळून चेहऱ्यावर खालून पडायचा आणि चेहरा सपाट, दचकल्यासारखा दिसायचा. पुढे काही वर्षांनी छतात दिवे बसवले आणि वरून प्रकाश आला, तेव्हा कुठे भुवया, गालांच्या खाचा, डोळ्यांखालचा थकवा दिसू लागला. म्हणून दिवसाचा उजेड ओसरून छताचे दिवे वरचढ होतात त्या वेळी हा पुतळा शिल्पकाराच्या मनातला दिसतो. सव्वासातला आम्ही तो तसा पाहिला. मी या शहराजवळ कितीतरी वर्षं राहते, दिवसा दहा वेळा तरी तिथे गेले असेन. लिंकन इतका दमलेला आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं.

भिंत

तिथून चालत व्हिएतनामच्या भिंतीकडे. ठरलेली वेळ पंधरा मिनिटं.

ही भिंत जमिनीवर उभी नाही, जमिनीत उतरलेली आहे. काळ्या ग्रॅनाइटचे दोन पंख, प्रत्येकी 75 मीटर लांब. एकाचं टोक लिंकनकडे, दुसऱ्याचं वॉशिंग्टन मॉन्युमेंटकडे. मधल्या कोनाशी भिंत डोक्यापेक्षा खूप उंच होते. 1400 हून जास्त आराखड्यांतून निवडलेला हा आराखडा माया लिनचा. ती तेव्हा 21 वर्षांची विद्यार्थिनी होती. 1982 मध्ये भिंत उभी राहिली. तिच्यावर त्या युद्धात मेलेल्या 58 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांची नावं आहेत, आणि ती वर्णानुक्रमाने नाहीत, मृत्यूच्या तारखेने आहेत. पहिली नावं कोनापाशी सुरू होऊन पूर्वेच्या टोकाकडे जातात, मग पश्चिमेच्या टोकापासून परत कोनाकडे येतात. पहिला आणि शेवटचा मृत्यू शेजारी शेजारी.

आईला मी एकच गोष्ट सांगितली, की हा दगड बेंगळुरूजवळच्या खाणीतला आहे. कापून घासून गुळगुळीत केला अमेरिकेत, पण दगड आपल्याकडचा. तिने चप्पल काढली. मी काही बोलले नाही. तिने तळहात दगडावर टेकवला. आकाशात अजून निळा उजेड होता आणि त्या आरशासारख्या दगडात तिचा चेहरा, मागची झाडं, आकाश, सगळं नावांच्या आरपार दिसत होतं. पायाशी छोटे दिवे लागले होते आणि नावं खालून उजळत होती. दुपारी तिथे आपलं प्रतिबिंब फार ठळक दिसतं. रात्री उलट, नावं दिसतात पण आपण दिसत नाही. दोन्ही सारखं दिसतं ते या कातरवेळेत. इंग्रजी अक्षरं लावत लावत आई नावं वाचत होती, हळू, ओठ हलवत.

आमच्या बसमधले एक वृद्ध गृहस्थ कोनापाशी थांबले होते. संध्याकाळभर ते कुणाशी बोलले नव्हते. पिवळी टोपी घातलेल्या एका स्वयंसेवकाने टॉर्च धरून त्यांना नाव शोधून दिलं, कागदाची पट्टी आणि पेन्सिल दिली. नावावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की अक्षरं कागदावर उमटतात. त्यांचा हात थरथरत होता, कागद सरकला, पहिली पट्टी बिघडली. दुसरीही. गाईड दहा पावलांवर उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं, मग हात खिशात घातला आणि तसाच उभा राहिला. तिसरी पट्टी नीट उमटली. गृहस्थांनी ती घडी न घालता शर्टाच्या आत ठेवली. पंधराची पस्तीस मिनिटं झाली होती.

जेफरसनला जायची उरलीसुरली शक्यताही त्या वीस मिनिटांत गेली.

आठ वीस

कोरियन स्मारकात रेनकोट घातलेले 19 पोलादी सैनिक झुडपांतून चालत येतात, माणसापेक्षा थोडे मोठे. शेजारच्या काळ्या भिंतीत त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि 19 चे 38 होतात, कोरिया दुभागणाऱ्या 38 अक्षांशाचा तो आकडा. अंधारात चेहऱ्यांवर फक्त खालचा मंद उजेड असतो. तिथे दहा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त थांबवतही नाही.

आठ वीसला, तिथून निघताना, गाईडने सांगितलं: आता मार्टिन ल्यूथर किंगचं स्मारक, मग परत. रूझवेल्ट, महायुद्धाचं स्मारक आणि जेफरसन आज होणार नाहीत. जेफरसन किंगच्या स्मारकापासून पाण्यापलीकडे दिसेल.

दोघा-चौघांनी नाराजी दाखवली. एकाने माहितीपत्रक उघडून नावं मोजली. पण खरा धक्का बसला तो एका बाईंना. साठीच्या पुढच्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या. त्या बसमध्ये आमच्याच पुढच्या बाकावर होत्या. जेफरसनने लिहिलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी तीसेक वर्षं वर्गात शिकवला होता आणि जेफरसनच्या स्मारकात उभं राहून तो वाचायचा, एवढ्यासाठीच ही टूर घेतली होती. पहाटे त्यांचं विमान होतं. त्या चिडल्या नाहीत. गाईडला एवढंच म्हणाल्या, की तुम्हाला हे साडेसहालाच ठाऊक होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर मी लिंकनपासून टॅक्सीने गेले असते, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे.

गाईडकडे उत्तर नव्हतं. तो माफी मागत राहिला.

मला काय वाटतं

निर्णय बरोबर होता, असं मी आजही ठामपणे म्हणेन. दहा ठिकाणी आठ-आठ मिनिटं म्हणजे काय, ते मी पाहुण्यांबरोबर अनुभवलं आहे. बसमधून उतरेपर्यंत तीन मिनिटं, चढताना माणसं मोजायला तीन, मध्ये एक फोटो. घरी गेल्यावर कुठला फोटो कुठला, हेही सांगता येत नाही. बाबांना त्या मनोऱ्यावरचं ऊन विझेपर्यंत बसता आलं आणि आईला भिंतीवर हात ठेवून नावं वाचता आली, ती चार थांबे सोडले म्हणून. त्या गृहस्थांच्या तिसऱ्या पट्टीबद्दल तर बोलायलाच नको. तिथे घड्याळ दाखवणारा गाईड मला नको आहे.

क्रम उलटा करणंही अचूक होतं. उलट मूळ क्रमच चुकीचा होता, ताफा अडला नसता तरी. सप्टेंबरच्या शेवटी साडेपाचला निघणाऱ्या टूरने कॅपिटॉलची पश्चिम बाजू आधी आणि लिंकन सूर्यास्ताला घ्यायला हवं. जून-जुलैत सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला होतो, डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला. तोच एक क्रम बारा महिने छापून ठेवणारी कंपनी सूर्यास्त हा शब्द नुसता जाहिरातीपुरता वापरते. वॉशिंग्टनमध्ये पूर्वी गाईडला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे. 2014 मध्ये संघीय अपील न्यायालयाने, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून, ती सक्ती रद्द केली. आता गाईड किती जाणकार आहे हे आपणच दोन प्रश्न विचारून ओळखायचं. माझा पहिला प्रश्न सूर्यास्ताच्या जागेचा असतो आणि दुसरा, उशीर झाला तर तुम्ही काय सोडता, हा.

चूक झाली ती सांगण्यात. सहा पस्तीसला त्याने बसमध्ये माइकवर एवढंच म्हणायला हवं होतं: आपण चार ठिकाणं सोडतोय, ही त्यांची नावं, यातलं कुणाला काही फार जवळचं असेल तर आत्ता सांगा. वीस सेकंदांचं काम. बाईंनी हात वर केला असता. कदाचित बस त्यांना आधी जेफरसनला सोडून आली असती, कदाचित किंगऐवजी जेफरसन झालं असतं, कदाचित टॅक्सी. गाईड लोक हे का टाळतात तेही मला समजतं. आधी सांगितलं की बसमध्ये वाद सुरू होतो, मतं पडतात आणि उजेड निघून जातो. अंधार पडल्यावर, माणसं तृप्त आणि दमलेली असताना सांगितलं की सहज पचतं. बावीसांतल्या वीस-एकवीस जणांना ते पचलंही. पण ज्या माणसाचं सगळं त्या एका नावावर होतं, त्याच्या हातातला शेवटचा पर्याय या दीड-पावणेदोन तासांच्या गप्प बसण्याने काढून घेतला.

आणखी एक. कोण कशासाठी आलंय हे साडेपाचला विचारून घेतलं असतं, तर सहा पस्तीसचा निर्णय घेताना त्याच्या हाती नुसता नकाशा आणि घड्याळ नसतं, माणसंही असती. भिंतीपाशी तो पस्तीस मिनिटं थांबला कारण त्याला माणूस समोर दिसला. बाईंची गरज त्याला दिसलीच नाही, एवढाच दोघांत फरक.

पुढे

किंगचं स्मारक 2011 चं. तीस फुटी ग्रॅनाइटमधून बाहेर येणारा माणूस, हाताची घडी, नजर टायडल बेसिन या तळ्याच्या पाण्यावर. गाईडने तिथल्या पुसलेल्या वाक्याची जागा दाखवली. किंग एका प्रवचनात म्हणाले होते की मला ढोलपथकाचा म्होरक्या म्हणायचंच असेल तर न्यायासाठीचा म्होरक्या म्हणा. दगडावर जागा कमी, म्हणून ‘म्हणायचंच असेल तर’ गळलं आणि कोरलं गेलं, मी म्होरक्या होतो. त्यावर आक्षेप आले आणि 2013 मध्ये ते वाक्य आडव्या रेघा कोरून मिटवलं. शिक्षिकाबाई तिथे मान हलवत उभ्या होत्या. पाण्यापलीकडे जेफरसनचा उजळलेला घुमट दिसत होता.

माझा नवरा त्यांच्याजवळ गेला. आम्ही जवळच राहतो, मला बसने परत जायची गरज नाही, चालायची तयारी असेल तर मी येतो, पाण्याच्या कडेने वीस मिनिटं लागतील, असं म्हणाला. बाईंनी गाईडकडे पाहिलं. गाईडने चालकाला थांबवून त्यांची बॅग बसमधून काढून आणून दिली आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. आम्ही तिघं बसने परतलो.

रात्री दहाला नवरा घरी आला. रूझवेल्टच्या स्मारकातून चालत गेले, तेही वाटेत पाहून झालं. जेफरसनच्या गाभाऱ्यात तुरळक माणसं होती. पुतळा 19 फूट उंच, ब्राँझचा. स्मारक 1943 मध्ये उघडलं तेव्हा युद्धामुळे धातू मिळेना, म्हणून पहिली काही वर्षं तिथे प्लास्टरचा पुतळा होता, हे बाईंनीच त्याला सांगितलं. मग त्या जाहीरनाम्याच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. तीन ओळींनंतर थांबल्या. पुन्हा मागून वाचलं. इथले काही शब्द गाळलेत, त्या म्हणाल्या, आणि या शब्दाचं एक अक्षर वेगळं आहे, मूळ कागदावर असं नाही. मग गाळलेले शब्द त्यांनी जागच्या जागी घालून सगळा उतारा पाठ म्हटला. नवरा शेजारी उभा राहून भिंतीवरच्या ओळीवर बोट फिरवत होता आणि त्या कुठे थांबतात ते बघत होता.